उंचावर डोक्याला गंभीर मार लागलेल्या पेशंटच्या रक्तातले मायक्रोआरएनए मोजायचे असतील तर

सुरुवात ट्यूबपासूनच करू, कारण गडबड तिथूनच सुरू होते आणि नंतर कितीही भारी मशीन आणलं तरी ती निस्तरता येत नाही. रक्त घ्यायची ती व्हॅक्यूमवाली ट्यूब असते ना, तिच्यात रक्त ओढलं जातं ते आतला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब यांच्यातल्या फरकामुळे. आता ३५०० मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो, म्हणून तीच ट्यूब पूर्ण न भरता मधेच थांबते, आणि आत घातलेलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, मात्र पूर्ण भरलेल्या ट्यूबच्या हिशोबाचं असतं. म्हणजे कमी रक्त आणि जास्त ईडीटीए, पेशी आक्रसतात, आणि तुम्ही खालच्या हॉस्पिटलच्या सॅम्पलशी तुलना करायला बसता तेव्हा दोन सॅम्पलमध्ये पहिला फरक मेंदूचा नसतोच, ट्यूबचा असतो. उंचावर वापरायसाठी वेगळ्या ट्यूब मिळतात, त्या मागवा. नसतील मिळत तर सिरिंजने घ्या, दट्ट्या हळू ओढा, मग सुई काढून झाकण उघडून भिंतीच्या कडेने रक्त सोडा आणि खुणेपर्यंत भरा. सिरिंजने बुचातून जोरात मारू नका, लाल पेशी फुटतात, आणि पेशी फुटल्या की या कामात सगळं संपलं, का ते पुढे येईलच.

हे मी न्यूरोसर्जरी किंवा आयसीयूमध्ये असलेले रेसिडेंट, पीएचडीवाले आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी लिहितोय, ज्यांना डोंगरात किंवा पठारावर असा अभ्यास करायचाय किंवा दुसऱ्याने केलेला नीट वाचायचाय. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो: उंचावर राहणाऱ्या माणसाचं रक्त मार लागायच्या आधीपासूनच वेगळं असतं, त्यामुळे मारामुळे काय बदललं हे म्हणायच्या आधी उंचीमुळे काय बदललंय आणि आपल्या हाताळणीमुळे काय बदललंय, या दोन्ही गोष्टी वजा कराव्या लागतात. बाकी सगळं त्याच्याच मागे येतं.

मायक्रोआरएनए म्हणजे काय ते थोडक्यात

साधारण २२ अक्षरांचा छोटासा आरएनए, त्यातून प्रोटीन बनत नाही, पण दुसऱ्या मेसेंजर आरएनएला चिकटून तो त्याचं काम दाबतो. पहिला सापडला १९९३ मध्ये, एका बारीक कृमीमध्ये, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या कामातून, आणि त्याबद्दल दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. २००८ च्या आसपास लक्षात आलं की हे मायक्रोआरएनए रक्ताच्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरणाऱ्या द्रवात, पेशींच्या बाहेरसुद्धा चांगले टिकून असतात. उघडा आरएनए रक्तात पडला तर क्षणात तुकडे होतात, पण हे कधी छोट्या पिशव्यांमध्ये म्हणजे एक्सोसोममध्ये, कधी आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनला धरून, कधी एचडीएल नावाच्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांबरोबर फिरतात, म्हणून वाचतात. मग लोकांना वाटलं, मेंदू फुटला की मेंदूतले मायक्रोआरएनए रक्तात येतील आणि कवटी न उघडता आत काय चाललंय ते कळेल. मिर-१२४, मिर-९, मिर-१२८ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा नंबर) हे मेंदूत भरपूर असतात, त्यामुळे कल्पना वेडगळ नाहीये. पण रक्तात जे सापडतं त्यातला बहुतेक भाग रक्ताच्याच पेशींमधून आलेला असतो, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. मेंदूचा आवाज त्या गर्दीत फार बारीक असतो.

गंभीर मार म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर ८ किंवा कमी. मेंदूच्या पेशींमधून रक्तात येणाऱ्या प्रोटीनच्या टेस्ट आहेतच, जीएफएपी आणि यूसीएच-एल१, अमेरिकेत २०१८ मध्ये त्यांना परवानगी मिळाली, पण ती हलक्या मारात सीटी स्कॅन करायचा की नाही हे ठरवायला. गंभीर पेशंटला सीटी होणारच असतो, तिथे प्रश्न वेगळा आहे: हा माणूस सहा महिन्यांनी कसा असेल, आणि आत दुसऱ्या टप्प्याची जी इजा चालू आहे, सूज, जळजळ, ऑक्सिजनची टंचाई, ती किती पुढे जातेय. उंचीचा संबंध नेमका इथे येतो.

उंचीने आधीच काय करून ठेवलेलं असतं

समुद्रसपाटीवर श्वासनलिकेत आत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साधारण १५० मिलिमीटर (पाऱ्याचे) असतो. हिशोब सोपा आहे, हवेचा दाब ७६०, त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा, उरलेल्याचे २१ टक्के. ३५०० मीटरवर हवेचा दाब ४९५ च्या आसपास, म्हणजे हाच आकडा ९४-९५ वर येतो. म्हणून तिथे धडधाकट माणसाचं सॅच्युरेशनसुद्धा नव्वदच्या आगेमागे असतं. आता डोक्याच्या माराच्या पेशंटमध्ये ९० च्या खाली सॅच्युरेशन जाणं वाईट मानतात, आणि इथे माणूस पडायच्या आधीच त्या काठावर उभा आहे. अपघात झाला, श्वास थोडा अडला, की लगेच खाली.

शरीर या टंचाईला उत्तर देतं. एचआयएफ नावाचं प्रोटीन ऑक्सिजन कमी पडला की टिकून राहतं आणि शेकडो जीन्स चालू करतं, ही यंत्रणा उलगडली त्याबद्दल २०१९ चं नोबेल होतं. तेच एचआयएफ मिर-२१० ला वर ढकलतं. मिर-२१० ला लोक हायपॉक्सियाचा, म्हणजे ऑक्सिजनच्या टंचाईचा, मायक्रोआरएनए म्हणतात ते यामुळेच. आता तुम्ही उंचावरच्या माराच्या पेशंटमध्ये मिर-२१० वाढलेला बघितला आणि खालच्या शहरातल्या निरोगी लोकांशी तुलना केली तर तुम्ही काय मोजलंत? उंची. मार बाजूलाच राहिला. हे इतकं उघड आहे की लिहायची गरज नाही असं वाटेल, पण कंट्रोल ग्रुप सोयीने निवडला जातो, ब्लड बँकेत जे सॅम्पल पडलेले असतात ते घेतले जातात, आणि नेमकं हेच होतं.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिन. उंचावर लाल पेशी वाढतात. काहींमध्ये इतक्या की तो आजार होतो, पुरुषांत हिमोग्लोबिन २१ आणि बायकांत १९ च्या वर गेलं की क्रॉनिक माउंटन सिकनेसचा विचार करतात. आणि सगळ्या उंचावरच्या लोकांचं सारखं नसतं बरं का. तिबेटी लोकांमध्ये ईपीएएस१ या जीनमध्ये बदल आहेत, २०१० मध्ये ते दाखवलं गेलं, त्यांचं हिमोग्लोबिन उंचीच्या मानाने कमीच वाढतं, आणि अँडीजमधल्या लोकांचं जास्त वाढतं. म्हणजे फॉर्मवर नुसतं हाय अल्टिट्यूड लिहून भागत नाही. पिढ्यानपिढ्या तिथलाच आहे, का काही वर्षांपासून कामासाठी येऊन राहिलाय, का चार दिवसांपूर्वी वर चढलाय, हे तीन वेगळे गट आहेत आणि चार दिवसांवाल्याचं रक्त रोज बदलत असतं, कारण सुरुवातीला लघवी जास्त होऊन प्लाझ्माच कमी होतो आणि लाल पेशी न वाढताच रक्त दाट दिसतं. पेशंट बेशुद्ध असतो म्हणून ही माहिती नातेवाइकांकडून त्याच दिवशी घ्या, नंतर कोणी सापडत नाही.

ग्रुप कसे करायचे

मी कागदावर चार चौकोन काढतो. उंचावर मार लागलेले, उंचावरचे निरोगी, सखल भागात मार लागलेले, सखल भागातले निरोगी. हे चार असले की उंचीचा परिणाम वेगळा काढता येतो, माराचा वेगळा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही मिळून काही तिसरंच होतंय का हे बघता येतं, आणि खरा प्रश्न तोच आहे की उंचीमुळे माराला शरीर वेगळं उत्तर देतं का. नुसते दोन चौकोन असतील, म्हणजे उंचावरचे पेशंट आणि खालचे पेशंट, तर दिसलेला फरक मार लागायच्या आधीपासूनच होता का हे कधीच कळणार नाही.

याच्यात पाचवा एक चौकोन घाला, जमलं तर नक्की घाला: उंचावर हात-पाय मोडलेले पण डोक्याला काही न झालेले लोक. कारण अपघातात डोकं एकटं फुटत नाही. मिर-१, मिर-१३३, मिर-२०६ हे स्नायूंचे, मिर-१२२ लिव्हरचा, मिर-४९९ हृदय आणि स्नायूंमधला. मांडीचं हाड मोडून स्नायू चेचला गेला असेल तर हे रक्तात उसळतात आणि तुम्ही आनंदात लिहून टाकता की मेंदूच्या माराचा मार्कर सापडला. प्रत्येक पेशंटचा इंज्युरी सिव्हिरिटी स्कोर, म्हणजे सगळ्या शरीराला किती मार लागलाय तो आकडा, लिहा आणि डोक्याचा वेगळा लिहा.

वय आणि स्त्री-पुरुष जुळवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर वेळ घालवत नाही. त्यापेक्षा वेळ जुळवा. मार लागल्यापासून रक्त घेईपर्यंत किती तास, हे लिहा, आणि ॲडमिशनपासून मोजू नका, मार लागल्यापासून मोजा. डोंगरात पेशंटला रस्त्यावर आणायलाच सात-आठ तास जातात आणि शहरात एका तासात तो टेबलावर असतो. दोन्हीकडे ॲडमिशनचं सॅम्पल म्हणून जे लिहिलं जातं ते पूर्णपणे वेगळ्या वेळेचं असतं. जीएफएपीसारखी प्रोटीनंसुद्धा पहिल्या दिवसभरात चढतात-उतरतात, मायक्रोआरएनए काय त्याला अपवाद असणार आहेत. मला विचाराल तर एकाच सॅम्पलवर भागवू नका, पहिले २४ तास, मग तिसरा दिवस, मग सातवा, एवढं तरी घ्या.

आणि औषधं. वर चढताना कोणीतरी डेक्सामेथासोन दिलेलं असतं, मेंदूला उंचीची सूज आली असेल या समजुतीने, आणि ते चुकीचंही नसतं कारण पडायच्या आधी तो माणूस बरळत होता. पण डोक्याच्या मारात स्टिरॉइड देत नाहीत, २००४ च्या क्रॅश ट्रायलमध्ये दहा हजारांवर पेशंट होते आणि स्टिरॉइडवाल्यांत मृत्यू जास्त झाले. आपल्यासाठी मुद्दा हा की स्टिरॉइडने पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर प्लाझ्मातले मायक्रोआरएनएसुद्धा हलू शकतात. तसंच रक्त चढवलं का, किती बाटल्या, सॅम्पलच्या आधी की नंतर. सलाईन किती गेलं. ऑक्सिजन किती लिटर, कधीपासून. हे सगळं फॉर्मवर पाहिजे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. सॅम्पलसाठी उपचार एक मिनिटही थांबवायचे नाहीत. ऑक्सिजन, श्वासाची नळी, बीपी सांभाळणं, कवटीतला दाब २२ च्या वर गेला की तो उतरवणं, शक्य असेल तर पेशंटला कमी उंचीवर नेणं, हे आधी. रक्त तसंही तपासण्यांसाठी निघतंच, त्याच वेळी एक जास्तीची ट्यूब भरा. पेशंट सही करू शकत नाही, म्हणून नातेवाइकांची परवानगी कशी आणि कधी घ्यायची हे एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून ठेवा, आणि बाहेर रडत बसलेल्या माणसाला चार पानी फॉर्म वाचायला देऊ नका, शेजारी बसा आणि त्याच्या भाषेत सांगा की हे रक्त अभ्यासासाठी आहे, याने आत्ताचा उपचार बदलणार नाही, नाही म्हटलात तरी काळजी तेवढीच घेतली जाईल. आणि माणूस शुद्धीवर आला की त्यालाही विचारा.

रक्त ते फ्रीझर

ईडीटीए वापरा. हेपॅरिन नको, कारण हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे ज्या पद्धतीने प्रती वाढवून आरएनए मोजतो तिला, अडवतं आणि आरएनए काढताना ते सहज निघून जात नाही. आयसीयूमध्ये रक्तवाहिनीत घातलेली लाइन उघडी ठेवायला बऱ्याचदा हेपॅरिन टाकलेलं असतं, त्यामुळे लाइनमधून घ्यायचं असेल तर आधीचं रक्त टाकून द्या, नाहीतर सरळ शिरेतून घ्या. सीट्रेट हे रक्त गोठू न देणारं आणखी एक औषध, त्याचं उंचावर वेगळं दुखणं आहे, तिथे द्रव औषध ठरलेल्या प्रमाणात असतं आणि ते प्लाझ्मात मिसळतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५५ च्या वर गेला की प्लाझ्मा कमी, सीट्रेट तेवढंच, म्हणजे पातळ झालेलं सॅम्पल. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, घेऊ नका असं माझं मत आहे, गुठळी होताना प्लेटलेट्स आपल्याकडचे मायक्रोआरएनए सोडतात.

मग सेंट्रिफ्यूज, आणि दोनदा. पहिल्यांदा साधारण २००० जीला दहा मिनिटं, वरचा प्लाझ्मा अलगद काढायचा, खालच्या पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्यायचा, मोह झाला तरी. मग तो प्लाझ्मा नवीन ट्यूबमध्ये घालून दुसऱ्यांदा जास्त वेगाने फिरवायचा, म्हणजे उरलेल्या प्लेटलेट्स खाली बसतात. आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे लिहू नका, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर ते लिहा, प्रत्येक मशीनचा रोटर वेगळा असतो. इथे पुन्हा उंची आडवी येते बघा: हिमॅटोक्रिट ४५ असलेल्या माणसाच्या ४ मिली रक्तात २.२ मिली प्लाझ्मा असतो, ६० वाल्याच्या ४ मिलीत फक्त १.६. दाट रक्तातून प्लाझ्मा काढताना पिपेट पेशींच्या फार जवळ जातं, म्हणजे उंचावरच्या सॅम्पलमध्ये पेशी मिसळायची शक्यता मुळातच जास्त, आणि ती सगळी चूक एकाच ग्रुपमध्ये जमा होते. चूक दोन्हीकडे सारखी पडली तर निदान नुसता गोंधळ होतो, एकाच बाजूला पडली तर खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून दाट रक्तवाल्यांची एक ट्यूब जास्त घ्या आणि कमी प्लाझ्मा काढा.

रक्त घेतल्यापासून प्लाझ्मा वेगळा होईपर्यंतचा वेळ ठरवून घ्या, दोन तास म्हटलं तर दोन तास, सगळ्या ठिकाणी. मग २०० मायक्रोलिटरच्या छोट्या छोट्या ट्यूब करून उणे ८० ला. एकदा वितळवलेली परत गोठवायची नाही. फ्रीझरचं पण सांगतो, बऱ्याच लॅबच्या मशीनवर २००० मीटरपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, विरळ हवेत कंप्रेसरची उष्णता नीट बाहेर जात नाही. विकत घ्यायच्या आधी विचारा आणि तापमानाची नोंद करणारा लॉगर आत ठेवा. ड्राय आइसमध्ये खाली पाठवणार असाल तर खोक्याला हवा जायला जागा ठेवा, घट्ट बंद करू नका, गॅस साठला तर फुटतं.

हिमोलिसिस

हिमोलिसिस म्हणजे लाल पेशी फुटणं, याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. लाल पेशीत केंद्रक नसलं तरी मायक्रोआरएनए भरलेले असतात, मिर-४५१, मिर-१६, मिर-९२ए हे तर ठासून. थोड्याच पेशी फुटल्या तरी प्लाझ्मातले हे आकडे कितीतरी पट वाढतात. प्लाझ्मा डोळ्याला गुलाबी दिसेपर्यंत थांबलात तर खूप उशीर झालेला असतो. आमची पहिली बॅच अशीच गेली, प्लाझ्मा छान पिवळा दिसत होता म्हणून पुढे गेलो, आकडे आल्यावर ग्रुपमध्ये सुंदर फरक दिसला, दोन दिवस आम्ही खूश होतो, आणि मग कळलं की तो फरक हिमोलिसिसचा होता, एका वॉर्डातली रक्तं बारीक सुईने घेतली जात होती. ती सगळी बॅच टाकून द्यावी लागली. पेशंटनी दिलेलं रक्त होतं ते, अजून वाईट वाटतं.

म्हणून दोन तपासण्या करा. पहिली, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४१४ नॅनोमीटरला रीडिंग, हिमोग्लोबिन तिथे प्रकाश शोषतं, ०.२ च्या वर गेलं की सावध व्हा. पण आयसीयूतल्या पेशंटला बऱ्याचदा प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चालू असतं आणि ते तेलाच्या इमल्शनमध्ये असतं, प्लाझ्मा दुधाळ होतो आणि ४१४ चं रीडिंग उगाचच वर जातं, त्यामुळे ३८५ ला पण रीडिंग घेऊन दोन्ही ताडून बघा. दुसरी तपासणी पीसीआरवर, मिर-२३ए च्या सायकलमधून मिर-४५१ए ची सायकल वजा करा (सायकल म्हणजे तो मशीनला दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा). मिर-२३ए लाल पेशींच्या फुटण्याने फारसा हलत नाही. फरक ५ च्या आत असेल तर ठीक, ७ च्या वर असेल तर सॅम्पल बाद. फक्त उंचावरच्या लोकांमध्ये लाल पेशीच जास्त असल्यामुळे हा फरक निरोगी माणसातसुद्धा थोडा सरकलेला असू शकतो, म्हणून तुमच्या उंचावरच्या निरोगी ग्रुपमध्ये तो किती येतो हे आधी बघा आणि बाद करायची रेघ कुठे मारायची ते डेटा उघडायच्या आधी लिहून ठेवा.

मोजणी, आणि मिर-१६ चा पेच

प्लाझ्मात आरएनए इतका कमी असतो की नेहमीच्या मशीनवर त्याचं प्रमाण मोजून काही अर्थ लागत नाही. म्हणून प्रत्येक सॅम्पलमधून सारखाच, समजा २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घ्यायचा, आणि काढायच्या सुरुवातीलाच कृमीचा मिर-३९ ठरलेल्या प्रमाणात टाकायचा. माणसात तो नसतो, त्यामुळे शेवटी तो किती परत मिळाला यावरून काढताना किती हरवलं ते कळतं. पण प्लाझ्मा आधी आरएनए काढायच्या पहिल्या रसायनात मिसळा आणि मगच मिर-३९ टाका, थेट प्लाझ्मात टाकला तर प्लाझ्मातले एन्झाइम त्याला खाऊन टाकतात.

पहिल्या टप्प्यात शेकडो मायक्रोआरएनए एकदम मोजणारं सिक्वेन्सिंग किंवा अ‍ॅरे, दुसऱ्या टप्प्यात निवडक मायक्रोआरएनएचं पीसीआर, आणि दुसऱ्या टप्प्याला पेशंट नवीन पाहिजेत, तेच परत मोजणं म्हणजे पडताळणी नाही. उंचावरची आणि खालची सॅम्पल एकाच प्लेटवर मिसळून ठेवा, एक प्लेट वरच्यांची आणि एक खालच्यांची असं केलं तर प्लेटचा फरक हाच तुमचा निष्कर्ष होऊन बसेल.

आता नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी सॅम्पल एका मापावर आणणं. पीसीआरची एक सायकल म्हणजे ढोबळमानाने दुप्पट-निम्मं, त्यामुळे तुलना कोणाशी करता यावर सगळं अवलंबून आहे. पेशींच्या कामात माप म्हणून यू६ नावाचा छोटा आरएनए वापरतात, प्लाझ्मात तो भरवशाचा नाही. मग लोक मिर-१६ घेतात, कारण तो सगळ्यांच्या प्लाझ्मात भरपूर मिळतो आणि स्थिर असतो असं समजतात. आपल्या कामात हा पर्याय तीन बाजूंनी बंद आहे. एक, तो लाल पेशींचा आहे आणि उंचावर लाल पेशी जास्त. दोन, हिमोलिसिसने तो उसळतो. तीन, २०१० मध्ये डोक्याच्या मारावर जो सुरुवातीचा अभ्यास आला त्यात गंभीर मारात पहिल्या २४ तासांत मिर-१६ आणि मिर-९२ए कमी झालेले दिसले होते, मिर-७६५ वाढलेला, आणि हलक्या मारात मात्र मिर-१६ आणि मिर-९२ए वाढलेले. म्हणजे जो आपण मोजायला निघालोय तोच आपण माप म्हणून वापरणार, असं होतं. माप लांब झालं की कापड आखूड दिसणार, त्यात कापडाचा काय दोष. आणि हे दोन्ही लाल पेशींचे आहेत हे लक्षात घेतलं तर गंभीर पेशंटचं रक्त गेलेलं असतं, सलाईन भरलेलं असतं, म्हणून हिमॅटोक्रिट उतरल्यानेही त्यांचा आकडा उतरू शकतो, ही शंका उंचावरच्या अभ्यासात तर डोळ्यापुढे ठेवायलाच हवी, कारण तिथे हिमॅटोक्रिट ६० वरून ३५ ला यायला जागा आहे.

मग करायचं काय? पुष्कळ मायक्रोआरएनए मोजले असतील तर सगळ्यांची सरासरी माप म्हणून घ्या. थोडेच असतील तर तुमच्या स्वतःच्या चारही ग्रुपमध्ये कोणते दोन-तीन स्थिर राहतात ते जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या सॉफ्टवेअरने शोधा आणि ते वापरा. शिवाय त्याच दिवशीचा हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट काउंट विश्लेषणात घाला. आणि मग निष्कर्ष दोन वेगळ्या मापांनी काढून बघा, एका मापाने दिसतो आणि दुसऱ्याने गायब होतो असा फरक पेपरमध्ये घालायच्या लायकीचा नाही.

आकडेमोड करताना

८०० मायक्रोआरएनए तपासले आणि पी ची, म्हणजे खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने यायच्या शक्यतेची, रेघ ०.०५ ला ठेवली तर काहीच खरं नसताना साधारण ४० बदललेले दिसतील. म्हणून सापडलेल्यांपैकी खोटे किती ते आवरणारा फॉल्स डिस्कव्हरी रेट वापरायचा, हे आता सगळे करतात. कमी जण करतात ते हे: फरकाचा फरक काढणं. उंचावर मार आणि निरोगी यांच्यातला फरक, आणि सखल भागात मार आणि निरोगी यांच्यातला फरक, या दोन फरकांमध्ये फरक आहे का हे थेट तपासा. उंचावर पी ०.०३ आला आणि खाली ०.०८ आला म्हणून उंचीमुळे वेगळं होतं असं म्हणता येत नाही.

पुढचं म्हणजे टार्गेट. सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोआरएनएचं नाव टाकलं की शेकडो जीन्सची यादी येते आणि तिच्यात सूज, पेशींचं मरण, रक्तवाहिन्या वाढणं असं काहीही मिळतंच मिळतं, त्यावरून मेंदूत हे घडतंय असं लिहू नका. प्लाझ्मात दिसलेला मायक्रोआरएनए कुठल्या पेशीतून आला हेच जिथे ठरलेलं नाही तिथे त्याने मेंदूत काय केलं ते कसं सांगणार.

आणि मार्कर म्हणून दावा करायचा असेल तर निरोगी माणूस आणि कोमातला पेशंट वेगळा ओळखता आला याचं कौतुक नको, ते दारातून बघूनही कळतं. वय, ग्लासगो स्कोर किंवा त्यातला हालचालीचा म्हणजे मोटर स्कोर, डोळ्यांच्या बाहुल्या आणि सीटी अशा गोष्टींवरून पेशंटचं पुढे काय होईल ते सांगणारी क्रॅश आणि इम्पॅक्टची मॉडेल्स आहेत. तुमचा मायक्रोआरएनए त्यांच्यात घातल्यावर अंदाज किती सुधारला, एवढंच विचारा. थोडासा जरी सुधारला तरी ती मोठी गोष्ट आहे, कारण आयसीयूच्या बाहेर बसलेला माणूस रोज तोच एक प्रश्न विचारत असतो.

सहा महिन्यांनंतरचा फोन

शेवटचं सॅम्पल आणि ग्लासगो आउटकम स्केलची, म्हणजे पेशंट किती सावरला ते मोजायची, मुलाखत साधारण सहा महिन्यांनी असते, आणि तिथे एक गोष्ट हमखास राहून जाते. उंचावरचे बरेच पेशंट तोपर्यंत खाली हलवलेले असतात, उपचारासाठी किंवा घरच्यांकडे. खाली येऊन काही आठवडे झाले की वाढलेल्या लाल पेशी कमी होतात, एचआयएफ शांत होतं, मिर-२१० बसतो. तुमच्या ग्राफवर मात्र ते मेंदू बरा झाल्यासारखं दिसतं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा की ते आता राहतात कुठे, किती उंचीवर, आणि कधीपासून, आणि मधल्या काळात परत वर जाऊन आले का. मग तब्येत विचारा, बोलतात का, स्वतः जेवतात का, कामावर गेले का. आणि फोन उचलणारी बायको किंवा आई असते, तिला बोलायचं असतं, तिला घाईने कापू नका. फॉर्ममध्ये उंचीचा रकाना आधीच छापून ठेवा, सॅम्पलच्या प्रत्येक तारखेसमोर एक.